शेतातून गेलेली वायुवाहिनी आणि २१ दिवसांची मुदत

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात आमची सामाईक शेतजमीन आहे. सातबाऱ्यावर वडिलांचे आणि दोन आत्यांचे नाव असून शेत वडीलच कसतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. या जमिनीखालून उच्च दाबाची नैसर्गिक वायूची वाहिनी नेण्याचे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्यासाठी सुरू झाले आणि त्यातला शेवटचा कागद फेब्रुवारी २०२५ मध्ये हाती आला. या तीन वर्षांत आम्ही काय केले, कोठे चुकलो आणि कोणत्या कागदाने आम्हाला तारले, हे क्रमाने लिहिते आहे. कारण सुरुवातीला आम्हाला नीट माहिती देणारे कोणी भेटले नव्हते. वाहिनी टाकणाऱ्या कंपनीचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

फेब्रुवारीत उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करणारे तीन तरुण आले, त्यांनी वडिलांना नमस्कार करून परवानगी मागितली आणि कांद्याच्या वाफ्यांतून डाळिंबाच्या बागेपर्यंत लाल फडके बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. विचारल्यावर ‘गॅसची लाइन आहे, अजून काही पक्के नाही’ एवढेच उत्तर मिळाले. वडिलांनी मला फोनवर सांगितले आणि आम्ही दोघेही ते विसरून गेलो. पहिली चूक हीच. खुंट्या दिसल्या त्याच आठवड्यात घर, गोठा, विहीर, बाग आणि खुंट्या एकत्र दिसतील अशी छायाचित्रे काढायला हवी होती आणि आमच्या भविष्यातल्या योजना कागदावर आणायला हव्या होत्या. त्याचे कारण पुढे येईल.

गणपतीसाठी ३१ ऑगस्ट २०२२ रोजी मी गावी गेले, तेव्हा वडिलांनी देवघराच्या फळीवरून एक पाकीट काढून दिले. आदल्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांच्या माणसाने ते दिले होते. आत भारताच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत होती, त्यात गावातले गट क्रमांक आणि त्यांच्यासमोर हेक्टर, आर, चौरस मीटर असे क्षेत्र होते. आमच्या गटासमोर ००-२९-२० असा आकडा होता. म्हणजे २९ आर आणि २० चौरस मीटर, गावच्या भाषेत साधारण २९ गुंठे. आई एवढेच म्हणाली, ‘म्हणजे जमीन गेली का?’

जमीन जात नाही, हे समजायला मला दोन रात्री लागल्या. ही अधिसूचना १९६२ च्या पेट्रोलियम वाहिन्यांसाठी जमिनीतील वापराचा हक्क संपादन करण्याच्या कायद्याखाली निघते. १९७७ च्या दुरुस्तीने त्यात खनिजांच्या वाहिन्याही आल्या. मालकी शेतकऱ्याचीच राहते, सातबारा त्याच्याच नावावर राहतो, पण ठरावीक रुंदीच्या पट्ट्याखाली वाहिनी टाकण्याचा, ती तपासण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आधी केंद्र सरकारकडे आणि मग कंपनीकडे जातो. या पट्ट्याला सगळे ‘आरओयू’ (राइट ऑफ यूज, म्हणजे वापराचा हक्क) म्हणतात. आमच्याकडे तो २० मीटर रुंद आणि १४६ मीटर लांब होता. कलम ३ ची अधिसूचना म्हणजे असा हक्क घेण्याचा इरादा. त्यावर लेखी हरकत घेण्यासाठी २१ दिवस मिळतात. हरकती ऐकून सक्षम प्राधिकारी, म्हणजे या कायद्याखाली केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी, अहवाल देतो आणि मूळ अधिसूचनेपासून वर्षभराच्या आत कलम ६ ची घोषणा झाली नाही, तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते.

हे २१ दिवस राजपत्रावर छापलेल्या तारखेपासून नव्हे, तर आमच्या अधिसूचनेतल्या शब्दांप्रमाणे तिच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजायचे होते. ती तारीख भाऊसाहेबांनी आपल्या नोंदवहीत पाहून सांगितली: २२ ऑगस्ट. म्हणजे १२ सप्टेंबरला मुदत संपत होती, आमच्या हातात १२ दिवस उरले होते आणि त्यांतले बरेचसे गणेशोत्सवाचे होते. ज्यांना अशी नोटीस येईल त्यांनी सर्वांत आधी ही एक तारीख तलाठ्याकडून लिहून घ्यावी, बाकीचे सारे नंतर.

दरम्यान मी दुसऱ्याच वाटेला लागून दोन दिवस वाया घालवले. कंपनीकडे परवाना आहे का, हे मी शोधत बसले. तो असतो. २००६ च्या कायद्याने स्थापन झालेले पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ वाहिनी टाकण्यास आणि चालवण्यास कंपनीला प्राधिकृत करते, वाहतुकीचे दर ठरवते आणि सुरक्षेचे तांत्रिक निकषही तेच घालून देते. पण हा परवाना म्हणजे शेतात शिरण्याचा हक्क नव्हे आणि शेतकऱ्याच्या हरकतीचे ठिकाणही ते मंडळ नव्हे. परवाना एकीकडे, जमिनीतला हक्क दुसरीकडे. शेतकऱ्याची दाद सक्षम प्राधिकाऱ्याकडे. वडिलांचा प्रश्न याहून साधा होता: आपल्या शेताखालून वायू जाणार, तर आपल्या चुलीपर्यंत तो येईल का? नाही. मुख्य वाहिनीतून घरोघरी जोडणी देत नाहीत. शहरांतल्या आणि जिल्ह्यांतल्या वितरणासाठी हेच मंडळ भौगोलिक क्षेत्रे ठरवून वेगळे प्राधिकारपत्र देते.

हरकत कशावर घ्यायची, यावर घरात मतभेद झाले. चुलत्यांचे म्हणणे होते की, वाहिनीच नको असे लिहावे. नाशिकच्या ज्या वकिलांकडे मी गेले, त्यांनी मात्र कलम ७ वाचून दाखवले. अधिसूचनेच्या आधीपासून जी जमीन राहण्यासाठी वापरली जाते, जिच्यावर पक्के बांधकाम उभे आहे किंवा जी राहत्या घराला लागून त्याच्या वापरात आहे, तिच्याखालून वाहिनी नेता येत नाही. आमचे वस्तीवरचे घर पट्ट्याच्या बाहेर होते, पण गोठ्याचा एक कोपरा आणि खळ्याचा बराचसा भाग आत येत होता. गोठा आणि खळे हे घराच्याच वापरातले आहेत, एवढा एकच मुद्दा घेऊन दीड पानाची हरकत तयार झाली. तिला सातबारा, आठ-अ, गट नकाशा, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, विजेचे बिल आणि सोळा छायाचित्रे जोडली. वकिलांचे शुल्क ८,००० रुपये झाले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ८ सप्टेंबरला, मी स्वतः प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन हरकत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. टपालाने पाठवायचे असल्यास पोचपावतीसह पाठवावे, पण शक्य असेल तर हातानेच द्यावे. ती पोच पुढे मला तीन वेळा दाखवावी लागली.

सुनावणी १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर झाली. माझ्या मनात न्यायालयाचे चित्र होते. प्रत्यक्षात एक लांब टेबल, समोर प्राधिकारी, बाजूला कंपनीचे दोन अभियंते आणि बाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच तीस-चाळीस शेतकरी. प्राधिकारी कोण असावा, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात महत्त्वाचे सांगितले आहे: त्याने दुय्यम न्यायाधीशाच्या दर्जाहून खालचे नसलेले न्यायिक पद भूषवलेले असावे किंवा तो कायद्याची जाण असलेला असावा. आमच्या प्राधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ‘वाहिनी नको’ असे म्हणणाऱ्यांना त्यांनी राष्ट्रहिताचे दोन शब्द सांगून वाटेला लावले, पण नकाशावर बोट ठेवून बोलणाऱ्यांना बसायला सांगितले. आम्हाला वीस मिनिटे मिळाली. कंपनीच्या अभियंत्याने नकाशा फिरवून पाहिला आणि ‘नऊ मीटर उत्तरेला घेता येईल’ असे मान्य केले. आम्ही खूश झालो. घरी येऊन टेप लावल्यावर कळले की, पट्टा आता विहिरीपासून जेमतेम सहा मीटरवर येतो आणि बागेची आणखी एक ओळ त्यात जाते. गोठा वाचवताना विहिरीचा विचार मी केलाच नव्हता. सुनावणीला जाताना नकाशावर केवळ आपली हरकत नव्हे, तर पट्टा डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्यास काय होईल तेही आखून न्यावे.

त्याच सुनावणीत वडिलांनी एक प्रश्न विचारला. कलम ९ प्रमाणे पट्ट्यात इमारत किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही, तळे, विहीर, बंधारा खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. शेती मात्र करता येते. वडिलांनी विचारले, ‘साहेब, डाळिंब हे झाड की पीक?’ आम्हाला हसू आले, पण टेबलापलीकडे कोणी हसले नाही. त्यांनी स्पष्ट सांगितले की, बहुवार्षिक फळबाग झाडांत धरली जाईल, आहे ती काढावी लागेल, तिची भरपाई मिळेल आणि पट्ट्यात ती पुन्हा लावता येणार नाही. वडिलांच्या चेहऱ्याकडे मी त्या वेळी पाहिले नाही. त्याच पट्ट्याच्या टोकाला २०२३ मध्ये शेततळे घ्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते, पण त्याचा अर्ज केलेला नव्हता आणि कायदा पाहतो ते अधिसूचनेच्या आदल्या दिवशी जमिनीवर काय होते ते. मनातल्या शेततळ्याची नुकसानभरपाई मागण्यासाठी आमच्याकडे एकही कागद नव्हता.

जानेवारी २०२३ मध्ये पट्टा सरकवल्याचे पत्र आले आणि मे महिन्यात कलम ६ ची घोषणा झाली. मग पाच महिने काहीच घडले नाही. या काळात मी दोन गोष्टी केल्या. एका आत्यांचे निधन झाले होते आणि त्यांच्या मुलांची वारस नोंद राहून गेली होती. ती नसती तर भरपाई अडकली असती. संगमनेरहून मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, तलाठ्यांकडे अर्ज आणि फेरफार मंजूर होईपर्यंतची वाट, यात अडीच महिने गेले. दुसरी गोष्ट ई-पीक पाहणीची. राज्यात ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे आणि वडिलांच्या फोनवर ती शेजारच्या मुलाने भरली होती. त्याने सोयीसाठी संपूर्ण गटात कांदा नोंदवला होता. सातबाऱ्याच्या पीक नोंदीप्रमाणे आमच्याकडे डाळिंबाची बागच नव्हती. रोपे विकत घेतल्याची रोपवाटिकेची पावती, ठिबकच्या अनुदानाची फाइल आणि कृषी सहायकांचे पत्र मिळवून ही चूक निस्तरली. सामान्य वर्षी या नोंदीकडे आपण काणाडोळा करतो, पण अशा प्रसंगी तीच नोंद मोजली जाते.

पंचनामा ९ ऑक्टोबर २०२३ ला झाला. पंच, तलाठी, कृषी खात्याचे प्रतिनिधी आणि कंपनीचा माणूस, असे सर्व एकत्र आले. पहिल्या मोजणीत ७१ झाडे लिहिली गेली, कारण वर्षभराच्या आतली २५ रोपे गवतात दिसली नाहीत. वडिलांनी सही करण्याआधी मोठ्याने वाचून घेण्याचा आग्रह धरला, म्हणून ती नोंदीत आली. कायद्यात भरपाईचे दोन भाग आहेत. एक म्हणजे पीक, झाडे आणि इतर नुकसान; दुसरा म्हणजे कलम ३ च्या अधिसूचनेच्या दिवशी त्या पट्ट्याच्या जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या १० टक्के. रस्त्यासाठी जमीन विकलेल्यांच्या आकड्यांची तुलना गावात सतत होत असे, पण रस्त्यात जमीन जाते आणि इथे ती राहते. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ज्या जुन्या कायद्यांना चौथ्या अनुसूचीत वेगळे ठेवले, त्यांत हा १९६२ चा कायदाही आहे. आमच्या बाबतीत हेक्टरी २२ लाख रुपये भाव धरून पट्ट्याची किंमत ६,४२,४०० झाली आणि तिचे १० टक्के ६४,२४०. मोठ्या झाडांचे १,७०,४००, रोपांचे २२,५००, कांद्याचे ३८,००० आणि ठिबक हलवण्याचे १४,५००. एकूण ३,०९,६४० रुपये. जमिनीची रक्कम तिन्ही हिश्शांत वाटली गेली आणि पिकाची रक्कम वडिलांना मिळावी म्हणून आत्या आणि आत्येभावंडांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर संमतिपत्र दिले. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. आम्ही केला नाही. वकिलांच्या मते रोपांच्या दरात फरक पडला असता, पण वडिलांना आणखी वर्षे तारखांत घालवायची नव्हती. पैसे फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेत जमा झाले.

खोदकाम मात्र पैशांच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. त्या दहा आठवड्यांबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. आमच्याकडे वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम आहे. काळी माती वेगळी काढून बाजूला ठेवायची आणि शेवटी वर टाकायची, हे कंत्राटदाराच्या अटींत होते, असे अभियंता म्हणाला. पहिले दोन दिवस तसे झालेही. तिसऱ्या दिवशी यंत्र चालवणारा बदलला आणि दुपारपर्यंत काळी माती आणि मुरूम एकाच ढिगात होते. वडिलांनी मला चित्रफीत पाठवली, मी ती प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयाला आणि कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला लेखी अर्जासोबत दिली. काम दोन दिवस थांबले, पुढची ९० मीटर लांबी नीट झाली, पण मधला सुमारे ४० मीटरचा तुकडा बिघडला तो बिघडलाच. खोदकामाच्या काळात घरातले कोणीतरी रोज सकाळी आणि संध्याकाळी तिथे असावे आणि माती वेगळी ठेवण्याची हमी पंचनाम्यातच लिहून घ्यावी. तोंडी आश्वासन यंत्र चालवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

कायद्याप्रमाणे वाहिनी जमिनीखाली किमान एक मीटर खोल हवी. आमच्याकडे ती दीड मीटरच्या आसपास आहे. नळ्या जोडल्यावर प्रत्येक सांध्याचे क्ष-किरण चित्र घेतले गेले, मग खाली उतरवून माती टाकली आणि पुढे बऱ्याच लांबीचा टप्पा पाण्याने भरून दाबाची चाचणी झाली. आईची भीती यामुळे कमी झाली नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात वायुवाहिनीचा स्फोट होऊन माणसे दगावली होती, ती बातमी तिने कोणाकडून तरी ऐकली होती. मी अभियंत्यांना थेट विचारले. त्यांनी टाळाटाळ केली नाही, याचे मला बरे वाटले. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंत आणि साधारण दीड किलोमीटर लांबीत किती घरे आहेत, त्यावर त्या जागेचा वर्ग ठरतो आणि वस्ती दाट असेल तर नळीची भिंत जाड घ्यावी लागते; पुढे घरे वाढली तर पुन्हा तपासणी करावी लागते. आमचा वर्ग पहिला, म्हणजे सर्वांत विरळ वस्तीचा. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती घरात सगळ्यांना पाठ करायला लावली आहे: मुख्य वाहिनीतल्या वायूला बहुधा वास नसतो. घरच्या वायूला जो वास येतो, तो वितरणाच्या टप्प्यावर मिसळलेल्या मरकॅप्टन या रसायनाचा असतो. म्हणून शेतात वासाची वाट पाहायची नाही. फुत्कारल्यासारखा आवाज आला, पट्ट्यावरचे पीक अचानक पिवळे पडले किंवा साचलेल्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर दूर जाऊन वाहिनीची खूण म्हणून लावलेल्या पिवळ्या खांबावरच्या क्रमांकावर फोन करायचा. वाहिनीला इजा करणाऱ्यांसाठीच्या शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने खूप कडक झाल्या आहेत, हेही त्यांनी सांगितले. नांगर चालवणाऱ्यालाही ते माहीत असावे.

ऑगस्ट २०२४ मध्ये सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पट्ट्याची नोंद झाली. नोंदीत पट्ट्याची सरकवण्यापूर्वीची जागा लिहिली गेली होती. जानेवारी २०२३ चे पत्र आणि कलम ६ ची अधिसूचना जोडून ती दुरुस्त करायला सहा आठवडे लागले.

शेवटचे काम म्हणजे पाणी. पट्ट्याने शेताचे दोन भाग झाले आणि विहीर एका बाजूला, तर उरलेली बाग दुसऱ्या बाजूला राहिली. तीन इंची नळी आडवी टाकण्यासाठी कंपनीचा ना-हरकत दाखला लागतो. ३ डिसेंबर २०२४ ला अर्ज दिला. नकाशा, नळीचा व्यास, खोली, सातबारा आणि हमीपत्र मागितले. एव्हाना शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला होता. पाहणीसाठी माणूस जानेवारीत आला. अटी तीन होत्या: नळी वाहिनीला काटकोनात ओलांडावी, पट्ट्यात खोदकाम यंत्राने न करता कुदळ-फावड्याने करावे आणि त्या वेळी कंपनीचा माणूस हजर असावा. दाखला २४ फेब्रुवारी २०२५ ला मिळाला आणि ६ मार्चला दोन मजुरांनी एका दिवसात चर खणून नळी टाकली. कंपनीचा माणूस सकाळी आठला आला आणि संध्याकाळी चर बुजेपर्यंत बांधावर बसून होता. त्याच्या जेवणाची सोय आईने केली.

मातीच्या त्या ४० मीटर तुकड्यात गेल्या हंगामात कांदा लिंबाएवढाच राहिला. दोन्ही बाजूंच्या कांद्याचे वजन काट्यावर करून, छायाचित्रांसह, पिकाच्या नुकसानीचा दुसरा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. सध्या वडिलांनी तिथे ताग पेरला आहे.